गोरेगावातील पेंडीच्या दुकानाचे ठेव-गोदाम: एक परीक्षण

गोरेगाव पूर्वेला, आरे मार्गाच्या अलीकडे, पेंड, चुणी (डाळ करताना निघणारा चुरा), भुसा आणि कडब्याचे एक जुने दुकान आहे. दुकानामागच्या दोन गाळ्यांत मालकांनी काही वर्षांपासून ठेव-गोदाम चालवले असून, गिऱ्हाइकाने महिन्याचा माल एकदम विकत घ्यावा, तो तेथेच राहू द्यावा आणि लागेल तसा टेम्पोने मागवावा, अशी त्याची पद्धत आहे. भाडे पोत्यामागे महिन्याला १५ रुपये आहे आणि टेम्पोचा खर्च अंतराप्रमाणे निराळा पडतो. आमच्या घरच्या बारा म्हशी आरेत आहेत, गोराईला मामांकडे शेळ्या आणि अंड्यांवरच्या कोंबड्या आहेत, आणि या दोन्ही ठिकाणचा माल आता याच गोदामात राहतो. त्यामुळे निरनिराळ्या जनावरांचे खाद्य एका छपराखाली कसे सांभाळले जाते हे जवळून पाहायला मिळाले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत आणि त्या मालकांच्या कानावर घातलेल्या आहेत. ज्यांना गरज असेल त्यांना आरेतला कोणीही तबेलेवाला दुकान दाखवील.

सेवा घेण्याजोगी आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका जनावराचे खाद्य दुसऱ्याच्या खाद्यात मिसळू न देण्याची तिथली शिस्त हे त्याचे मुख्य कारण आहे. माल कोरडा राहतो, कागदपत्रे मध्यम आहेत आणि आगीच्या बाबतीत मात्र अजून बरेच करायचे राहिले आहे.

मुंबईत अशा सोयीची गरज का भासते हे बाहेरगावच्या वाचकाला कदाचित चटकन उमगणार नाही. शहरातल्या म्हशी वस्तीबाहेर हलवाव्यात म्हणून १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, तेव्हा गोठ्यांसोबत जी कोठारे मिळाली तेवढीच जागा आजही आहे. जमीन शासनाची असल्याने एक भिंत सरकवायची म्हटली तरी परवानगीचा प्रश्न येतो. दहा लिटर दूध देणाऱ्या म्हशीला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो, असा ढोबळ हिशेब धरला तर दिवसाला साडेसहा किलो खुराक लागतो. बारा म्हशींचा तो ७८ किलो होतो, म्हणजे ५० किलोची जवळजवळ ४७ पोती महिन्याला. सगळ्या म्हशी एकाच वेळी दुधात नसतात, काही भाकड असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा खाली येतो. तरीही तीस-पस्तीस पोती गोठ्याच्या दमट कोपऱ्यात रचून ठेवणे म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात बुरशीला आवतण देणे होय.

गोदामाची मांडणी साधी आहे, पण विचारपूर्वक केलेली आहे. पोती थेट जमिनीवर कोठेच नाहीत. लाकडी फळ्यांचे वीतभर उंचीचे चौथरे करून त्यांवर थप्प्या लावल्या आहेत आणि थप्पी व भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जाऊ शकेल एवढी वाट सोडलेली आहे. हे अंतर वाया गेलेली जागा नव्हे, हे ज्याने काँक्रीटच्या जमिनीवर आणि ओल धरलेल्या भिंतीला लागून पोती ठेवली आहेत त्याला सांगावे लागत नाही. सिमेंट खालून ओल ओढते, तळचे पोते आतून गरम होते आणि वरून मात्र ठणठणीत दिसते. गाळ्याच्या दोन्ही अंगांना जाळीच्या खिडक्या आहेत. पावसाळ्यात त्या बाहेरची हवा पाहून उघडतात, रोज सरसकट उघडत नाहीत, आणि हे योग्यच आहे, कारण बाहेर हवेत नव्वद टक्के आर्द्रता असताना खिडक्या सताड उघडल्या तर वारा लागण्याऐवजी ओलच आत येते. अनेक ठिकाणी पोत्यांवर ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवलेली दिसते. येथे ताडपत्री फक्त छपराची गळती अडवण्यासाठी, थप्पीपासून वर अंतर राखून बांधलेली आहे, त्यामुळे आतला दमट वाफारा कोंडत नाही.

माल आत घेण्याची रीत मला सर्वांत आवडली. टेम्पो आला की भरणी करणारा कामगार आधी परखी घेऊन येतो. ही टोकदार, खोबणीची लोखंडी नळी तो पोत्याच्या मधोमध तिरकी खुपसतो, बाहेर काढून खोबणीतला माल तळहातावर ओततो, नाकाशी नेतो आणि मग मूठ मिटतो. मूठ उघडल्यावर भरडा सुटा झाला तर पोते आत जाते. गोळा तसाच राहिला तर पोते बाजूला लागते आणि आर्द्रतामापकावर आकडा घेतला जातो. मक्यासाठी त्यांची मर्यादा १२ टक्क्यांची आहे. तयार गोळी खाद्याला भारतीय मानक आयएस २०५२ नुसार ११ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा चालत नाही. एकदा आमच्यादेखत सरकी पेंडेचे एक पोते उसवले, तेव्हा आतल्या ढेपेच्या फटीत राखाडी-हिरवी रेघ दिसत होती आणि हाताला ऊब लागत होती. ते पोते परत गेले. पुरवठादाराशी दारातच वाद झाला, पण शेठ हटले नाहीत.

या रेघेला इतके का घाबरायचे, हे दुधाचा धंदा करणाऱ्याने समजून घेतलेच पाहिजे. दमट पेंडेवर आणि मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष प्रथम ध्यानात आले. पक्ष्यांच्या मानाने म्हैस चिवट असते. बुरशीचा थोडाफार माल खाऊन ती उभी राहते, दूधही देते, आणि धोका नेमका येथेच आहे, कारण पेंडेतल्या अफ्लाटॉक्सिन बी१ चे तिच्या शरीरात एम१ होते आणि तो दिवसभराच्या आतच दुधात उतरू लागतो. दूध उकळून तो जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये घेतलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने या मर्यादेपलीकडे गेले होते. पाणी घातलेल्या दुधाची चर्चा आपल्याकडे फार होते, त्या मानाने पेंडेतून येणाऱ्या या विषाबद्दल कोणी बोलत नाही. बुरशीचे पोते उन्हात वाळवून, चाळून, चांगल्या मालात थोडे थोडे मिसळून खपवण्याची सवय आपल्या गोठ्यांत आजही आहे. वाळवल्याने बुरशी थांबते, पण आधी तयार झालेले विष तसेच राहते. म्हणून या दुकानात ‘थोडा लागलेला’ माल स्वस्तात मिळत नाही याची तक्रार करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे वेगळेपणाकडे. पहिल्या गाळ्यात केवळ रवंथ करणाऱ्या जनावरांचा माल आहे: सरकी पेंड, तूर आणि हरभऱ्याची चुणी, गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा, गोळी पेंड आणि आत कोपऱ्यात खनिज मिश्रणाच्या पिशव्या. दुसऱ्या गाळ्याला मधून भिंत घातलेली आहे. तिच्या एका बाजूला कोंबड्यांचे खाद्य आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांचे ओट, हरभरे आणि कोंडा. प्रत्येक विभागाचे माप वेगळ्या रंगाचे आहे आणि ते सुतळीने त्याच विभागाच्या खांबाला बांधलेले आहे, एवढे की कोणाला ते उचलून दुसरीकडे न्यायचे झाले तर सुतळी कापावी लागेल. केरसुण्याही वेगळ्या आहेत. झाडून काढलेला सांडमाल कोणत्याही पोत्यात परत जात नाही. तो खतासाठी निघून जातो.

हा सोवळेपणा वाटेल, पण त्यामागे पक्की कारणे आहेत. कोंबड्यांच्या तयार खाद्यात कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाला आळा घालण्यासाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे बहुधा मिसळलेली असतात. कोंबडीला ती मानवतात. घोड्याला मात्र त्यांची अगदी थोडी मात्राही हृदयाच्या स्नायूंवर घाव घालते आणि जनावर दगावू शकते, आणि त्यावर उतारा नाही. गोरेगाव-मालाड पट्ट्यात लग्नाच्या वरातीसाठी घोड्या ठेवणारे बरेच आहेत, आणि हंगाम संपला की स्वस्त खुराकाच्या शोधात ते असतातच. आमच्या समोरच एकाने ब्रॉयलरच्या खाद्याची गोणी मागितली. माल कोणासाठी, असे भरणीवाल्याने विचारले आणि घोडीसाठी म्हटल्यावर तो म्हणाला, “दादा, हे घोडीला चालत नाही. उधारीवर ओट न्या, पैसे हंगामात द्या, पण ही गोणी मी देणार नाही.” गिऱ्हाईक रागावले, पुटपुटले आणि शेवटी हरभऱ्याचे पोते घेऊन गेले. दुकानाच्या बाजूने मी सर्वांत मोठा गुण याच प्रसंगाला देईन.

सरकी पेंडेचेही तसेच आहे. तिच्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या म्हशीचे पोट ते पचवते, पण कोंबड्या, डुकरे आणि ज्यांचे रवंथाचे पोट अजून तयार झालेले नाही अशी लहान रेडके यांना ते बाधते. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, आणि तेच पिलांना घातले तर त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. गाई-म्हशींच्या खनिज मिश्रणातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि मग एके दिवशी अचानक ती कोसळते. मेंढ्या येथे थोड्याच असल्या तरी शेठनी खनिजांच्या पिशव्यांवर ‘मेंढीस देऊ नये’ असे खडूने लिहून ठेवले आहे. खडू पावसाळ्यात पुसला जातो, छापील चिठ्ठी लावावी, असे सुचवले आहे.

कायद्याने घातलेली एक बंदी या भिंतीला आणखी अर्थ देते. गाईगुरांच्या हाडामांसाचे पीठ गाईगुरांनाच खाऊ घातल्याने ब्रिटनमध्ये गाईंचा मेंदू पोखरणारा रोग पसरला आणि १९८८ साली तेथे त्यावर बंदी आली. आपल्याकडेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार, कोंबड्या, डुकरे आणि मासे वगळता, दूध किंवा मांस देणाऱ्या जनावरांना मांस किंवा हाडांचे पीठ असलेले खाद्य घालता येत नाही. कोंबडीच्या खाद्यात मात्र असे घटक असू शकतात. म्हणजे कोंबडीखाद्याची फुटलेली गोणी म्हशीच्या चुणीत झाडून टाकली, तर नुकसानीबरोबर नियमभंगही होतो. एकाच मापाने सगळ्या पोत्यांत हात घालणारी दुकाने मुंबईत भरपूर आहेत आणि त्यांच्या मालकांना हे कोणी सांगितलेले नसावे.

बकरी ईदच्या आधीचे पंधरा दिवस या दुकानाचा चेहरा बदलतो. देवनारच्या बाजारातून बोकड घेतलेली कुटुंबे इमारतीच्या आवारात तो सांभाळतात आणि घरातली मुले प्रेमाने त्याला गहू, हरभरे, पाव असे काय काय भरवतात. एकदम जास्त दाणा पोटात गेला की आम्ल वाढते, पोट गच्च होते, बोकड दात खातो, चारा टाकतो आणि कित्येकदा वाचत नाही. दुकानात त्या दिवसांत कडब्याची कुट्टी आणि थोडा भरडा यांच्या पाच किलोच्या पिशव्या मिळतात आणि त्यांवर दिवसाला किती द्यायचे हे मराठी, हिंदी आणि उर्दूत लिहिलेले असते. खाद्य बोकडाच्या तोंडाच्या उंचीपेक्षा वर, झाकणाच्या डब्यात ठेवा, असे शेठ प्रत्येकाला तोंडी सांगतात. मामांच्या शेळ्यांनाही हाच नियम लागू आहे, कारण शेळीला कोठाराचे दार उघडे सापडले तर ती पोट फुटेपर्यंत थांबत नाही. गोराईला यासाठी झाकणाला कडी असलेले निळे प्लास्टिकचे पिंप वापरतो; ते याच दुकानातून घेतलेले आहेत आणि त्यांच्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्यांत पूर्ण वाळलेला मालच भरावा, नाहीतर बंद पिंपाच्या आत पाणी सुटते.

परवान्यांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण या विषयात गैरसमज फार आहेत. अन्नसुरक्षा कायदा, २००६ मधील अन्नाच्या व्याख्येतून जनावरांचे खाद्य वगळलेले आहे, त्यामुळे केवळ पेंड विकणाऱ्या दुकानाला त्या कायद्याखालचा परवाना लागत नाही. ‘परवाना नाही म्हणजे दुकान बेकायदा’ हा आरोप म्हणून चुकीचा ठरतो. दूध मात्र त्या कायद्यात येते आणि पेंडेतून आलेल्या विषाचा जाब दूधवाल्यालाच द्यावा लागतो. शहरात गुरे पाळण्यासाठी महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याखाली परवाना लागतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ खाली ज्वलनशील आणि उपद्रवकारक ठरवलेल्या वस्तूंचा साठा करायला पालिकेचा परवाना घ्यावा लागतो. येथे पालिकेचा परवाना आणि वजनकाट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र गल्ल्याच्या वर चौकटीत लावलेले आहे, आणि ते चालू वर्षाचे आहे, हे मी वाचून पाहिले.

साठ्यात काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. शेतीसाठी अनुदानावर मिळणाऱ्या, कडुनिंबाचा थर दिलेल्या युरियाची गोणी येथे सापडत नाही. खुराकात युरिया घालण्याची प्रथा आहे आणि मोठ्या रवंथी जनावराला दाण्याच्या मिश्रणात एका टक्क्याच्या आत तो चालतोही, पण शेतीचा युरिया दुसऱ्या कामाला वळवणे खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार गुन्हा आहे, आणि घोडा किंवा कोंबडी यांना तो घालायचाच नसतो. कॉलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यपूरकांत वापरायला २०१९ पासून बंदी आहे, आणि ते असलेली जुनी पूडही येथे दिसली नाही. पूर्वी आम्ही ज्या दुसऱ्या एका दुकानातून माल घेत असू, तेथे गल्ल्याखालून जनावरांच्या औषधांच्या बाटल्या बिनदिक्कत निघत. जनावरांची असली तरी ती औषधेच, आणि औषध विक्रीचा परवाना नसताना ती ठेवता येत नाहीत. या दुकानात औषध मागितले की औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवतात.

किडीचा प्रश्न सोंडकिड्यांपासून सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांवर संपतो. त्या गोळ्यांतून हवेच्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो आणि तो किड्यांइतकाच माणसालाही मारतो. कीटकनाशक कायद्याखाली त्यांचा वापर शासकीय यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरताच ठेवलेला आहे. मुंबईत दुकानाच्या माथ्यावर माणसे राहत असतात हे लक्षात घेतले तर ही मर्यादा किती गरजेची आहे ते कळते. येथील गाळे बैठे आहेत, वर वस्ती नाही. धुरी द्यायची असली की परवानाधारक माणूस येतो, गाळा काही दिवस पूर्ण बंद राहतो आणि गिऱ्हाइकांना आधी फोन करून त्या दिवसांपुरता माल घेऊन जायला सांगितले जाते. गैरसोय होते, पण ती सोसण्याजोगी आहे. त्याखेरीज आधी आलेला माल आधी बाहेर काढण्याची पद्धत पाळली जाते, आणि तांदळाचा तेल न काढलेला कोंडा तर ते साठवतच नाहीत, कारण तो काही दिवसांतच खवट होतो.

उंदीर हा मुंबईतल्या कोणत्याही गोदामाचा खरा मालक असतो. पोती कुरतडली जातात हे नुकसान लहान आहे. त्यांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसांना आणि जनावरांना दोघांनाही होतो, आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने त्याचा फटका सोसलेला आहे. सांडलेला दाणा रात्री तसाच राहू न देणे, दाराखालच्या फटीला पत्रा मारणे आणि थप्पीभोवतीची वाट मोकळी ठेवणे एवढ्यावर येथे भर आहे. विषारी गोळ्या खाद्याच्या गाळ्यात ठेवत नाहीत, पिंजरे लावतात. तरीही मागच्या नाल्याकडच्या भिंतीत पाइपाभोवती एक भोक आहे, ते बुजवायला हवे.

हिरवा चारा आणि मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, यांची साठवण येथे होत नाही. मुरघासाच्या पिशव्या मागणी नोंदवली की बाहेरून थेट गोठ्यावर येतात आणि पिशवी उघडल्यावर किती दिवसांत संपवायची हे ज्याचे त्याने पाहायचे. घोडेवाल्यांना मात्र बुरशी आलेला मुरघास न देण्याची ताकीद मिळते.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर गोष्ट कडब्याची आहे. त्याच्या पेंढ्या दुसऱ्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर रचलेल्या आहेत आणि विजेचा बोर्ड त्यांच्यापासून हातभर अंतरावर आहे. सुका कडबा ठिणगीने पेटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अर्धओली वैरण दाबून रचली तर ती आतून तापत जाऊन आपोआपही पेट घेते, हे थोड्यांना ठाऊक असते. अग्निशामक नळकांडी एकच आहे आणि ती पुढे दुकानात टांगलेली आहे, मागे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही जबाबदारी जागेचा मालक आणि भोगवटादार यांच्यावर येते. शेठना बोलून दाखवले तेव्हा बोर्ड पुढच्या भिंतीवर हलवण्याचे त्यांनी कबूल केले. हे लिहीपर्यंत तो हललेला नव्हता.

दुसरी उणीव कागदाची आहे. ठेव ठेवल्यावर मिळणारी पावती म्हणजे पोत्यांची संख्या आणि तारीख लिहिलेली एक चिठ्ठी असते. तिच्यावर बँक कर्ज देणार नाही, कारण वखार विकास व नियमन कायदा, २००७ खाली नोंदलेल्या वखारीची ती पावती नव्हे. त्याची आम्हाला गरजही नाही. मात्र माल कोणाचा आणि कोणत्या खेपेचा, हे चिठ्ठीवर हवेच. बंद गोण्यांवर उत्पादकाची तारीख असते, पण सुट्या मक्याच्या भरड्याचे तसे नाही. एकदा आमचा भरडा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा भरडा एकाच ढिगात ओतला गेला आणि मोजून आम्हाला आमच्या वजनाइतका परत मिळाला. वजन बरोबर होते. पण भारतीय करार कायदा, १८७२ या बाबतीत स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या हवाली केलेला माल मालकाच्या संमतीवाचून असा मिसळला, की वेगळा काढणे अशक्य व्हावे, तर भरपाई मिसळणाऱ्याने द्यायची. येथे मुद्दा भरपाईचा नव्हता. दुसऱ्याच्या भरड्यात ओल असती, तर ती आमच्या म्हशींच्या दुधापर्यंत आली असती आणि ती कोठून आली हे शोधण्याचा मार्ग उरला नसता.

टेम्पोबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे. गोदामात इतक्या निगुतीने जपलेला माल पावसाळ्यात आरेच्या चढावर उघड्या टेम्पोतून आला, तर सगळे मुसळ केरात. वर ताडपत्री असते, पण मागची फळी उघडी राहते आणि शेवटची दोन पोती हमखास भिजून येतात. आम्ही ती उतरवून न घेता परत पाठवतो आणि दुकान ती मुकाट्याने बदलून देते.

वीस पोत्यांहून कमी माल असलेल्यांना ही सेवा महाग वाटेल, कारण टेम्पोचा खर्च अंगावर येतो. त्यांनी झाकणाची पिंपे घेऊन आठवड्याचा माल घरी ठेवलेला बरा. एकाहून अधिक जातींची जनावरे असलेल्यांना मात्र ती निश्चित घ्यावीशी वाटेल. ठेव ठेवताना चिठ्ठीवर खेपेची तारीख आणि ओलाव्याचा आकडा लिहून मागावा. मागितल्यास ते लिहून देतात, आपणहून देत नाहीत. सुटा भरडा ठेवायचा झाल्यास आपल्याच पोत्यांत, तोंड शिवून आणि पोत्यावर नाव रंगवून ठेवावा. आमच्या पोत्यांवर आता तसे नाव आहे, आणि शिलाईचे पोत्यामागे दोन रुपये जादा पडतात. दुकान सकाळी सातला उघडते, दुपारी एक ते चार बंद असते आणि माल हवा असल्यास आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करावा लागतो.